ऑनलाइन कामाचा रतीब कसा लागतो?

रिश्त्याच्या बोलणीत 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'घरूनच ऑनलाइन काम करतो' असे उत्तर आले की समोरची मंडळी एकमेकांकडे बघतात आणि चहाचा कप उगाच हातात फिरवत बसतात. मुलीकडच्यांचे चुकते असे आम्हाला वाटत नाही. मुलाच्या हुशारीवर त्यांची शंका नसते. पुढच्या महिन्यात घरात किती पैसे येतील हे त्याला आज सांगता येईल का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. शाळेतला शिक्षक याचे उत्तर देऊ शकतो, एसटीचा वाहक देऊ शकतो. रात्र रात्र संगणकासमोर जागणाऱ्या मुलाला बऱ्याचदा ते देता येत नाही. एका महिन्यात पन्नास हजार आले आणि पुढच्या दोन महिन्यांत मिळून सात हजार. सरासरी काढली तर वाईट नाही, पण घरभाडे आणि मुलांची फी सरासरीने भरता येत नाही.

नोकरी न धरता एकेक काम घेऊन करून देण्याच्या या पद्धतीला फ्रीलान्सिंग म्हणतात. यात खरेच पोट भरते का, मुलाने हातची नोकरी सोडावी का, मुलीला हे शिकू द्यावे का, असे आई-वडील विचारतात. पोट भरते. आमच्या पाहण्यात ज्यांचे भरते ते सगळ्यांत हुशार आहेत असे मात्र नाही. त्यांनी काम निवडताना एक गोष्ट पाहिली: हे काम ग्राहकाला पुन्हा लागणार आहे का?

दूधवाल्याचे उत्पन्न नियमित का असते? दूध रोज लागते आणि त्याचा रतीब लागलेला असतो. रतीब हा शब्द मराठीत अरबीतून आला आहे आणि आजच्या अरबीत 'रातिब' म्हणजे पगार. आखातात राहून आलेल्यांना हे सांगायला नको.

आता आपल्या मुलांनी शिकलेली कामे पाहा. बहुतेकजण बोधचिन्ह बनवायला, वेबसाइट उभारायला, लग्नपत्रिका सजवायला शिकतात. चांगली कला आहे. पण दुकानाला बोधचिन्ह एकदाच लागते. काम छान झाले, ग्राहक खूश झाला, पैसे दिले आणि गेला. महिन्याच्या एक तारखेला हा मुलगा पुन्हा शून्यावर, पुन्हा नवा ग्राहक शोधायला मोकळा. याउलट हिशेब लिहिणे हे काम दर महिन्याचे. क्लासच्या प्रश्नपत्रिका दर आठवड्याच्या. कोणाच्या भाषणांच्या, बयानांच्या चित्रफिती दर शुक्रवारी येतात आणि त्यांना मराठी-उर्दू उपशीर्षके लागतात. उर्दू शाळा आणि प्रकाशक यांना इनपेजवर अक्षरजुळणी करून देणारा भरवशाचा माणूस वर्षभर लागतो. ज्याला उर्दू आणि मराठी दोन्ही शुद्ध लिहिता येतात त्याच्यासाठी मालेगाव, भिवंडी, मुंबई इथे काम आहे आणि ते करायला तिथे राहावे लागत नाही. वेबसाइट बनवणाऱ्यानेसुद्धा बनवून हात झटकण्याऐवजी तिची महिन्याची देखभाल, नवे फोटो, बदललेले दर चढवणे हे ठरावीक रकमेत अंगावर घेतले तर एकदाच येणारे काम रतिबाचे होते.

आखातातले दुकान, महाडमधला संगणक

एक क्षेत्र जरा तपशिलात सांगतो, कारण ते आपल्या लोकांच्या जवळचे आहे आणि तरी दुर्लक्षित आहे. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या किती घरांतून कोणी ना कोणी दुबई, मस्कत, दम्माम, कुवेतला आहे. आजवर या नात्याचा उपयोग व्हिसा मिळवण्यासाठी होत आला. परंतु १ जानेवारी २०१८ पासून संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबियात ५ टक्के व्हॅट सुरू झाला. सौदीने जुलै २०२० पासून तो १५ टक्के केला. ओमानमध्ये एप्रिल २०२१ पासून ५ टक्के आहे. अमिरातीत वर्षाची उलाढाल ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. किराणा दुकान, गॅरेज, शिवणकामाचे दुकान, छोटी कंत्राटी कंपनी, यांतले अनेकजण या मर्यादेत येतात. बिले वहीत टाकून चालवणाऱ्या माणसाला आता प्रत्येक बिल नोंदवावे लागते आणि ठरल्या मुदतीत विवरणपत्र भरावे लागते. पूर्ण वेळ हिशेबनीस ठेवणे त्याला परवडत नाही.

महाड किंवा खेडमध्ये बी.कॉम. होऊन घरी असलेली, टॅली येणारी मुलगी हे काम करू शकते. दुकानदार बिलांचे फोटो पाठवतो, ती नोंदवते, बँकेच्या खातेउताऱ्याशी ताळमेळ घालते आणि ठरल्या तारखेला तयार तक्ता पाठवते. विवरणपत्र भरण्याची कायदेशीर जबाबदारी दुकानदाराची किंवा त्याने तिथे नेमलेल्या कर प्रतिनिधीची, हे आधीच स्पष्ट ठेवायचे. अमिरातीच्या कर विभागाच्या वेबसाइटवर नियमांच्या मार्गदर्शिका विनामूल्य आहेत. महिनाभर रोज तासभर त्या वाचणारीला काम मिळवताना बोलता येते. बँकेचा पासवर्ड मात्र कोणी विश्वासाने देऊ केला तरी घेऊ नये, उतारा पुरतो.

वेळेचीही सोय आहे. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी आणि कुवेत अडीच तास मागे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्राहकाचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. मगरिबपासून मध्यरात्रीपर्यंत त्याच्या बैठका चालतात. दोन-तीन वर्षे हे निभावते, मग तब्येत आणि घर दोन्ही तक्रार करू लागतात.

समजा, एका दुकानाचे महिन्याला ८ हजार रुपये ठरले. अशी तीन दुकाने म्हणजे २४ हजार, महिना सुरू होण्याआधीच ठरलेले. त्यावर एखादे सुटे काम आले तर ते वरकड. एकच मोठा ग्राहक मिळाल्यावर बाकीची दुकाने सोडणारे असतात. आम्ही त्यांना थांबवू. एकूण कमाईच्या निम्म्याहून जास्त एकाच ग्राहकाकडून येऊ लागली की ती नोकरीच झाली, आणि तीही भविष्य निर्वाह निधी नसलेली.

भाव सांगताना

नवखी मुले भाव ठरवताना दुसऱ्याचा भाव पाहून त्यापेक्षा थोडा कमी सांगतात. सुरुवात आपल्या घरापासून करावी. घराला महिन्याला ३० हजार लागतात असे धरा. इंटरनेट, वीज, संगणकाची झीज, दुरुस्ती, आजारपणाचे दिवस, कर यांसाठी आणखी १० हजार. म्हणजे ४० हजार यायला हवेत. महिन्यात २५ दिवस काम, पण दिवसाचे आठही तास पैसे देत नाहीत. ग्राहकांशी बोलणे, बिले पाठवणे, शिकणे यात तीन तास जातात. उरले पाच. २५ गुणिले ५ म्हणजे १२५ तास. ४० हजारांना १२५ ने भागले की तासाला ३२० रुपये होतात. ग्राहकाला हा तासाचा आकडा सांगू नका, त्याला महिन्याची एकच रक्कम सांगा. पण १५० रुपये तासाने काम घेतले तर महिन्याला २६६ तास बसावे लागेल, एवढे स्वतःला ठाऊक असले पाहिजे.

नात्यातल्या कामात भाव बोलायचा संकोच होतो. मामूंचे दुकान, खालूंची ट्रॅव्हल एजन्सी. 'घरचेच आहे, बघू नंतर' या वाक्याने किती संबंध बिघडले असतील! कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण तिलावत करताना वाचतो आणि व्यवहार करताना विसरतो. करारासाठी वकील लागत नाही. काय काम, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल, रक्कम किती, कोणत्या तारखेला, आणि काम थांबवायचे असेल तर किती दिवस आधी सांगायचे, एवढे ई-मेलवर लिहून समोरच्याचे 'मान्य' आले की पुरे. नव्या ग्राहकाकडून निम्मी रक्कम आधी घ्यावी. नमुना म्हणून एखादे पान फुकट करून द्यायला हरकत नाही, आख्खे काम फुकट मागणारा पुढे पैसे देईल असे समजू नये.

बाजार आणि बाजारबुणगे

अपवर्क, फायव्हर, फ्रीलान्सर डॉट कॉम हे या कामाचे मोठे ऑनलाइन बाजार. ओळखीपाळखी नसलेल्याला पहिला ग्राहक मिळण्यासाठी ते उपयोगी आहेत. फायव्हर प्रत्येक कमाईतून २० टक्के कापून घेते. म्हणजे हजाराचे काम केले की आठशे हाती. ही कंपनी इस्रायलची आहे, तेल अवीवची. त्या कारणाने आपल्यातले अनेकजण तिच्यापासून दूर राहतात. त्यांचे काही अडत नाही, बाकीचे बाजार आहेतच. अपवर्कवर कामासाठी अर्ज करायलाही पैसे पडतात, त्यामुळे दिसेल त्या कामावर अर्ज टाकणाऱ्याचा खिसा आधी रिकामा होतो. दिवसाला दोनच अर्ज टाका, पण ग्राहकाने लिहिलेली मागणी शब्दन् शब्द वाचून टाका.

इंटरनेटवरचे काही 'गुरू' एक युक्ती शिकवतात: ग्राहक अपवर्कवर शोधायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर ओढून कमिशन वाचवायचे. खाते उघडताना आपण ज्या अटींना होकार देतो त्यांत लिहिलेले असते की तिथे भेटलेल्या ग्राहकाचे पैसे दोन वर्षे त्यांच्यामार्फतच घ्यायचे, किंवा बाहेर जाण्याची ठरावीक फी भरायची. खाते बंद होईल ही भीती एका बाजूला. दिलेला शब्द आहे, आणि सूरह अल-माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या आदेशाने होते. कमिशन जाचक वाटत असेल तर त्या बाजारात जाऊ नये. तसेच दुसऱ्याचे खाते भाड्याने घेऊन त्याच्या नावाने काम करणे, खोटे अभिप्राय लिहून देणे, विद्यार्थ्यांचे प्रबंध पैसे घेऊन लिहिणे. यांना भरपूर मागणी आहे, आणि तिन्हींत फसवणूक आहे. व्याजी कर्जाच्या किंवा सट्ट्याच्या अ‍ॅपच्या जाहिराती करून देण्याबद्दल तर आपल्या वाचकांना वेगळे सांगायची गरज नाही.

मशीनच्या मदतीबद्दलही हेच. साधे भाषांतर, साधा मजकूर आता संगणक क्षणात काढतो आणि त्या कामाचे भाव पडले आहेत. मशीनची मदत घेणे नाजायज आहे असे कोणी म्हणणार नाही. पण ग्राहक हाताने केलेल्या कामाचे पैसे देत असेल आणि आपण मशीनचे न तपासता पाठवत असू, तर ते दुधात पाणी घालणेच झाले.

फसवणुकीच्या दोन पद्धती घरातल्या मोठ्यांनीही ओळखून ठेवाव्यात. एक, 'घरबसल्या फॉर्म भरा' म्हणून आधी नोंदणीचे पैसे घेतात, करारावर सही घेतात आणि आठवड्याने 'चुका जास्त झाल्या, दंड भरा, नाहीतर कोर्टात खेचू' अशी नोटीस पाठवतात. मुली घाबरून दागिने मोडतात. दुसरी, टेलिग्रामवर व्हिडिओला लाइक करण्याचे काम: पहिले दोन-तीनशे रुपये खरेच मिळतात, मग मोठ्या कामासाठी आधी पैसे भरायला सांगतात. काम देणारा पैसे मागत नाही. आणि 'तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा' हे काम तर कधीच घेऊ नये. चोरीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरतो आणि पोलीस तुमच्या दारात येतात. फसवणूक झाली तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, उशीर झाला तर पैसे पुढे निघून जातात.

सात वर्षांचे धान्य

रतीब लागला तरी महिने सारखे नसतातच. कोणी पैसे उशिरा देतो, कोणाचे दुकान बंद होते. सूरह यूसुफमध्ये ह. यूसुफ (अ.) यांनी सांगितलेला उपाय आपण सर्वजण जाणतो: सुकाळाच्या सात वर्षांतले धान्य साठवून दुष्काळाची सात वर्षे काढायची. फ्रीलान्सरने हेच महिन्यांच्या हिशेबाने करायचे. सगळी कमाई एका खात्यात येऊ द्यावी, आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्यातून घरखर्चाच्या खात्यात ठरलेली रक्कम टाकावी, समजा २५ हजार. पन्नास आले तरी पंचवीस, पंधरा आले तरी पंचवीस. पहिल्या खात्यात निदान सहा महिन्यांचा पगार साठेपर्यंत ही रक्कम वाढवू नये. घरातल्यांना आकडा माहीत असला की पन्नास हजारांच्या महिन्यात नवा सोफा येत नाही. आमच्या मते ऑनलाइन कमाईवरचा घरच्यांचा विश्वास कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा या एक तारखेने लवकर बसतो. नवा लॅपटॉप हवा असेल तर व्याजी हप्त्यांपेक्षा मोहल्ल्यातली भिशी बरी, मात्र भिशीचा हप्ता या ठरलेल्या पगारातून झेपला पाहिजे.

पैसे बुडवणाऱ्यांचे काय? मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सर्वांना पाठ असते. कायदाही आता थोडा कामाला येतो. फ्रीलान्सर स्वतःची उद्यम नोंदणी करू शकतो, ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. पैसे मागणाऱ्या दलालाची गरज नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे भारतीय ग्राहकाने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. न दिल्यास तक्रार करता येते. मात्र नोंदणी काम करण्याआधीची हवी. २००६ च्या या कायद्यात उशिराबद्दल चक्रवाढ व्याजही मिळते. ते ज्यांना नको त्यांनी मुद्दलाची मागणी करावी, तक्रारीचा हक्क त्याने जात नाही.

कराचा विषय टाळू नये. विवरणपत्र भरणे म्हणजे कर भरणेच नव्हे. उत्पन्न मर्यादेच्या आत असले तर कर शून्यही येतो, आणि ग्राहकाने टीडीएस कापला असेल तर तो परत मिळतो. विवरणपत्राची पावती ही फ्रीलान्सरची पगारपत्रक आहे असे समजा: व्हिसाला ती लागते, आणि रिश्त्याच्या बोलणीतही दाखवायला हरकत नाही. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची साधारणपणे गरज नसते. परदेशातून येणारे पैसे बँकेतूनच यावेत आणि त्याचा दाखला जपून ठेवावा. हुंडी-हवाल्याने दोन रुपये जास्त मिळतात म्हणून तो रस्ता धरू नये.

भगिनींसाठी एक गोष्ट. घरून काम करणाऱ्या अनेक मुलींचे पैसे भावाच्या किंवा शौहरच्या खात्यात येतात, 'तुला बँकेत कुठे जायचे' म्हणून. शरीयतने घरखर्चाची जबाबदारी पुरुषावर टाकली आहे आणि बाईची कमाई तिच्या मालकीची मानली आहे. तिने खुशीने घरात दिली तर त्याचे सवाब. पण खाते, पॅन आणि ग्राहकाशी झालेला करार तिच्याच नावाचा हवा. दुसरे, तिच्या कामाचे तास घरात सर्वांना ठाऊक हवेत. ती घरी आहे म्हणजे रिकामी आहे असे धरून पाहुणे, भाजी, दिराच्या मुलांचा अभ्यास तिच्यावर पडत राहिला तर कोणताही ग्राहक टिकणार नाही. दहा ते दोन खोलीचे दार बंद राहील, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा सांगितले तरी खूप होते.

जकातीबद्दल विचारले जाते की कमाई दर महिन्याला वेगळी, तर हिशेब कसा? निसाबाइतकी रक्कम जमा झाली त्या दिवसाची हिजरी तारीख लिहून ठेवावी. वर्षाने त्याच तारखेला हाती जेवढे शिल्लक असेल ते मोजून, निसाबाच्या वर असल्यास अडीच टक्के काढावेत. ग्राहकांकडून यायच्या रकमांचे काय करायचे ते आपल्या भागातील मुफ्तींना विचारावे.

मग नोकरी कधी सोडावी? नोकरी सांभाळून सकाळी किंवा रात्री दोन तास देत आधी एक रतीब लावा, मग दुसरा. तीन वेगवेगळ्या ग्राहकांकडून सलग सहा महिने घराच्या किमान खर्चाएवढे पैसे आले, आणि त्याशिवाय सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला, की राजीनामा लिहायला हरकत नाही. त्याआधी कितीही मोठे एक काम मिळाले तरी नाही. ज्यांच्यावर बहिणीचे लग्न किंवा अब्बांचे औषधपाणी आहे त्यांनी सहाऐवजी बारा महिने धरावेत. आणि राजीनाम्याचा महिना रमजानच्या तोंडावर नको. शाबानमध्येच ग्राहकांना कळवून ठेवावे की पुढचा महिनाभर काम फजरनंतर ते जुहरपर्यंत होईल, तरावीहच्या वेळी फोन उचलला जाणार नाही आणि ईदचे तीन दिवस सुट्टी राहील. आखातातले ग्राहक हे न सांगताच जाणतात. बाकीच्यांना कळवताना त्या दिवसांचे काम आगाऊ कोणत्या तारखेला मिळेल तेही त्याच पत्रात लिहावे.